उजव्या पेडलची झीज

घोडबंदर रोडच्या सिग्नलला झेंडूचे ढीग लागले की मी नजर दुसरीकडे वळवते. बाकीच्यांना दसरा दिसतो, मला एक पेडल दिसतं. काळं, प्लॅस्टिकचं, व्यायामाच्या सायकलचं पेडल. सण तोंडावर आलेला असताना असलं काही मनात घेऊन बसू नये, हे मलाही कळतं. पण मन काय माझ्या सांगण्यावर चालतं थोडंच?

ती सायकल आत्ता बाल्कनीत उभी आहे आणि तिच्या हँडलवर टॉवेल वाळतोय. घरोघरी मातीच्या चुली म्हणायचे पूर्वी, आता घरोघरी कपडे वाळत घातलेल्या सायकली. समोरच्या विंगकडे नुसती नजर टाकली तरी दिसतात. कुठे ट्रेडमिलवर गाद्यांची चळत, कुठे डंबेल्सला टेकवलेली तुळस. त्या लोकांचं एक बरं आहे. त्यांची यंत्रं न वापरता गंजली. आमची वापरून झिजली, आणि शेवटी दोन्ही एकाच जागी येऊन उभी राहिली.

"आई, ती सायकल काढायची का आता?" रविवारी चहा घेता घेता निलेशने विचारलं. निलेश माझा मुलगा. गेलं जवळपास वर्षभर आम्ही दोघं त्याच्या या ठाण्याच्या घरात राहतोय. "सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकतो. फुकट म्हटलं की कोणीही येऊन घेऊन जाईल."

"दे की," मी म्हटलं. "पुसून ठेवते, मग काढ फोटो. आपल्या घरातली वस्तू कळकट जायला नको."

आतल्या खोलीत हे पडलेले होते. त्यांना ऐकू गेलं असणार. कान शाबूत आहेत त्यांचे, हेच तर वाईट आहे.

हे म्हणजे माझे यजमान, सावंत. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर म्हणून त्यांची हयात गेली. यंत्र बंद पडलं की सगळे इंजिनीअर कागद बघायचे, हे आधी झीज बघायचे. घरी आले तरी तेच. माझी चप्पल उलटी करून म्हणायचे, "डाव्या टाचेवर जोर देतेस तू. उजवा गुडघा दुखतोय आणि सांगत नाहीस." मी म्हणायचे, बाई गं, ह्या माणसापासून काही लपवायची सोय नाही. त्यावर त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "माणूस खोटं बोलेल, झीज खोटं बोलत नाही."

एकदा डोंबिवलीच्या बाजारात मी एक समई घेतली. दुकानदार म्हणाला, जुनी आहे, कुठल्याशा देवळातली, बघा कशी झिजलीय. मी खूश. घरी आल्यावर यांनी समई उजेडात धरली, तिरकी केली आणि हसायलाच लागले. "अगं, ही हाताने नाही झिजलेली, कानशीने घासून झिजवलीय. या बघ रेघा. सरळ, एकाला एक लागून. हात फिरून झिजलं की गोलावा येतो, गुळगुळीत होतं. कानस मारली की रेघा राहतात." मला तेव्हा राग आला होता. फसवणूक झाली म्हणून नाही. ती मला माझ्याच घरात, माझ्याच उजेडात समजावून सांगितली म्हणून. एरवी मी सुखात होते की.

गेल्या वर्षी होळीच्या सुमारास यांची उजवी बाजू गेली. हात, पाय, तोंडाचा उजवा कोपरा आणि निम्म्याहून जास्त शब्द. तेव्हा आम्ही कोपरला राहत होतो, दुसऱ्या मजल्यावर. बिनलिफ्टची जुनी बिल्डिंग, खिडकीतून खाडीकडचा खारा वारा. हॉस्पिटलातून आणलं तेव्हा चौघांनी खुर्चीत बसवून यांना वर चढवलं. त्या दिवशी खुर्चीत बसून यांनी जिन्याकडे जसं बघितलं, तसं मी त्यांना कशाकडेच बघताना पाहिलं नव्हतं. त्याच जिन्याचा कठडा ढिला झाला की स्वतः पाना घेऊन जाणारा माणूस.

निलेशने सरळ सांगितलं, आणि त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. "आई, बाबा जिना उतरू शकले तर राहा इथेच. नाहीतर दिवाळीनंतर माझ्याकडे चला. तिकडे लिफ्ट आहे. इथे उद्या काही झालं तर खाली कसं न्यायचं?" यांनी ऐकलं आणि डाव्या हाताने दिवाणाची कड घट्ट धरली. "इ...थे," म्हणाले. एवढंच. मग निलेशने ती सायकल आणली. पाठ टेकून बसायची, बुटकी, पाय पट्ट्याने पेडलला बांधायची सोय असलेली. दिवाणाला लागूनच ठेवली, म्हणजे सरकून बसता येईल.

आमच्याकडे आलेली वस्तू म्हणजे काय विचारता. यांनी पहिल्याच दिवशी मान तिरकी करून तिचा आवाज ऐकला आणि नापास केली. "ह...लकी," म्हणाले. खरंच हलकी होती. पावसाळा लागला तसा खाडीच्या वाऱ्याने तिच्या पायांना तांबूस पुटकुळ्या आल्या. आकडे दाखवणारी काच एके दिवशी आंधळी झाली, सेल बदलले तरी उघडली नाही. हँडलवरचा फोम घामाने सुटून हाताला काळा लागायला लागला. सीटचं रेक्झिन फाटलं, त्यावर मी जुन्या नऊवारीची घडी शिवून बसवली. उजव्या पायाचा पट्टा तुटला तर परकराची नाडी ओवली. एकदा कुरकुर थांबेना म्हणून खोबरेल तेल घालायला निघाले, तर यांनी असे डोळे मोठे केले की मी बाटली तशीच परत नेली आणि शिलाई मशीनचं तेल आणलं. त्या दिवशी आम्ही दोघं हसलो होतो. तेवढंच काय ते हसलो त्या वर्षात.

आणि तिचा तो आवाज. पेडल एका ठरावीक जागी आलं की टक. खर्र, टक. खर्र, टक. मी ओट्याशी पोळ्या लाटायचे ती त्या टकवर. आमच्या बरोबर खाली, पहिल्या मजल्यावर म्हात्रेकाकी राहायच्या. तिथल्याच, मूळच्या. बिल्डिंग उभी आहे ती जमीन त्यांच्या सासऱ्यांची. त्यांनाही तो आवाज छतातून ऐकू जायचा. एखाद्या सकाळी उशीर झाला की काकी जिन्यातून हाक मारायच्या, "काय गो बाय, आज तुजी सायकल गप का हाय? सावंत बरा हाय ना?"

"बरे आहेत काकी, नाश्ता चाललाय," मी वरून सांगायचे.

गणपतीच्या आधी घर झाडताना मी सायकलीखाली वाकले आणि मला ते दिसलं. पेडलवर पाय सरकू नये म्हणून बारीक दाणे असतात. डाव्या पेडलचे दाणे घासून सपाट होत आलेले. उजवं पेडल मात्र खोक्यातून आत्ता काढल्यासारखं, दाणा न् दाणा टोकदार. एवढ्या महिन्यांत, रोज सकाळ-संध्याकाळ. मी यांच्याबरोबर इतकी वर्षं काढलेली, मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तरी फिजिओथेरपीवाली मुलगी, प्राजक्ता, आली तेव्हा तिला विचारलं.

"काकू, खरं सांगू का? डावा पायच सगळं फिरवतोय," ती हळू आवाजात म्हणाली. "उजवा नुसता बांधलाय म्हणून बरोबर जातो. त्याने जोर लावायला हवा. तो लावायला लागला की जिन्याचा विचार करू."

"म्हणजे उजव्या पेडलवर झीज दिसली की समजायचं," मी म्हटलं.

"हो, तसं म्हणा."

आम्ही स्वयंपाकघराच्या दारात बोलत होतो. दिवाण तिथून हाकेच्या अंतरावर. त्या दिवशी मी पोळ्या लाटताना रडले, आवाज न करता. आवाज न करता रडलेलं आमच्या यांना दिसायचं, पोळ्यांच्या आकारावरून.

पितृपक्षात सायकलीखाली काळी पूड पडायला लागली. बारीक, काजळीसारखी. मी बाजारातून किंवा बँकेतून आले की दिसायची. फडक्याने पुसायचे, दोन दिवसांनी परत. मला वाटलं, आतला बेल्ट झिजतोय, आता हाही मोडणार. दुष्काळात तेरावा महिना. कंपनीला फोन करून करून एक माणूस आला, त्याने कव्हर उघडलं, टॉर्च मारला.

"मॅडम, बेल्ट एकदम ओके आहे. पावडर कुठून पडते काय माहीत. ते टक टक पण राहणारच, हे मॉडेल बंद झालंय, पार्ट नाय मिळणार. एक्स्चेंजमध्ये देऊन टाका."

"आणि तोपर्यंत हे काय करतील?" मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. त्याने यांच्याकडे बघितलं आणि टॉर्च बंद केला. हे खिडकीबाहेर बघत होते. फिटर माणसाच्या समोर यंत्र उघडलंय आणि तो खिडकीबाहेर बघतोय, याचं मला त्या वेळी नवल वाटायला हवं होतं. मला वाटलं, हात चालत नाही म्हणून जीव तुटत असेल.

घटस्थापनेच्या दिवशी सायकल पुसताना उजव्या पेडलवर माझं बोट अडखळलं नाही. दाणे बसले होते. सगळे नाही, पुढच्या भागातले, पण बसले होते. मी परत हात फिरवला. मग यांच्याकडे बघून म्हटलं, "अहो, झिजलंय. उजवं झिजलंय." हे माझ्याकडे बघत राहिले आणि मान हलवली. मी त्या दिवशी शिरा केला. उपास होता हे शिरा झाल्यावर आठवलं. निलेशला फोन केला, म्हटलं, तुझ्याकडची खोली रिकामी करायची घाई करू नकोस. खाली जाऊन काकींना सांगितलं. काकींनी देवीसमोर नारळ ठेवला. प्राजक्ता नवरात्रात गावी गेलेली, ती फोनवर म्हणाली, "अरे वा काकू. पण मी आल्यावर बघू हं." मला तिचा तो 'पण' ऐकूच आला नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे दर वर्षी यांचं हत्याराचं खोकं पूजेला मांडतात. पाने, पक्कड, कानस, हातोडी, सगळं पुसून पाटावर. दिवाणाखालून मी खोकं ओढायला लागले तर यांनी डाव्या पायाने ते अडवलं. "नको. साय...कल." मला वाटलं, किती शहाणा माणूस. आत्ता आपलं हत्यार हेच, असं म्हणायचंय त्यांना. मी सायकलीला झेंडूची माळ घातली, दोन्ही पेडलांना हळदकुंकू लावलं, उजव्याला जरा जास्तच. पूजेला बसलेलं यंत्र त्या दिवशी चालवायचं नसतं. खर्र टक बंद होतं. घर अगदी शांत होतं आणि मी त्या शांततेत फार सुखी होते. एवढी सुखी मी त्यानंतर झालेले नाही आणि आता होईन असंही वाटत नाही.

दसऱ्याला सकाळी निलेश आला. एक मजला खाली जाऊन काकींना सोनं द्यायचं, असं ठरलं. दर वर्षी हेच सगळ्यांत आधी त्यांना सोनं द्यायचे. निलेशने एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या.

"बाबा, जमेल?" निलेशने विचारलं.

यांनी निलेशकडे नाही, माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग मान हलवली. "उ...तरू."

पहिली पायरी डाव्या पायाने उतरले. दुसरीवर उजवा ठेवला आणि अंग त्याच्यावर सोडलं, आणि तो पाय होताच कुठे? ओल्या कपड्यासारखा दुमडला. आम्ही तिघंही खाली बसलो, बसलो म्हणजे कोसळलो, आपट्याची पानं जिनाभर झाली. लागलं फारसं कोणालाच नाही. काकी धावत वर आल्या, त्यांनी एक पान उचललं आणि तिथेच, पायरीवर बसलेल्या यांच्या डाव्या मुठीत दिलं. "सोनं घे रे सावंता," म्हणाल्या आणि बाकीची पानं वेचायला लागल्या. यांच्या तोंडाची डावी बाजू रडत होती. उजवीला काही कळत नव्हतं.

त्यानंतर हे सायकलीवर बसले नाहीत. मी विनवण्या केल्या, रागावले, अबोला धरला. प्राजक्ता येऊन समजावून गेली. यांनी डोळे मिटून घेतले. खाली काकींनीही मग हाक मारायचं सोडून दिलं. दिवाळीनंतर आम्ही इथे आलो. इथे दोन लिफ्ट आहेत, चकाचक, आरसे लावलेल्या. खाली बाग आहे, चाकाच्या खुर्चीला उतार केलाय. वर्ष होत आलं, हे एकदाही खाली उतरलेले नाहीत. जिना उतरायचा होता त्यांना. लिफ्टनेच जायचं होतं तर ती सायकल कशाला चालवली, असं काहीतरी त्यांच्या डोळ्यांत असतं, किंवा मलाच तसं वाटतं.

लोक म्हणतात, आशा सोडू नका. भेटायला येणारा प्रत्येक जण जाता जाता दारात हे म्हणून जातो. मला आताशा या वाक्याचा वीट आलाय. दुःखाची सवय होते. सकाळी उठून औषधं द्यायची, कूस बदलायची, भात मऊ करायचा, यात एक दिवस निघून जातो. आशेची सवय होत नाही. ती येते, शिरा करायला लावते, नारळ ठेवायला लावते आणि माणसाला जिन्यावर नेऊन उभं करते. आता माझ्याकडे ती आली तर मी दार उघडायची नाही.

तर रविवारी मी सायकल पुसायला घेतली. टॉवेल काढला, धूळ झटकली. इथली धूळ वेगळी, रस्त्याच्या कामाची, सिमेंटची. सीटवरची नऊवारीची घडी, परकराची नाडी, सगळं तसंच. कोपरला घर उत्तरेचं होतं, खोलीत दिवसाही दिवा लागायचा. इथे अठराव्या मजल्यावर बाल्कनीत ऊन नुसतं ओतलं जातं. मी चष्मा लावून उजवं पेडल ओल्या फडक्याने पुसलं. कडेला गेल्या वर्षीचं कुंकू अजून होतं. ते निघालं, पेडल वाळलं, आणि तिरक्या उन्हात मला रेघा दिसल्या.

सरळ. एकाला एक लागून.

मी डावं पेडल बघितलं. गुळगुळीत, मधे खोलगट, गोलावा आलेला. परत उजवं बघितलं. मग मी तिथेच बाल्कनीच्या लादीवर बसले. खाली घोडबंदर रोडवर गाड्या खोळंबलेल्या होत्या, हॉर्न वाजत होते आणि मला त्यातून ती काळी पूड आठवत होती. मी बाजारात गेले की पडणारी. दिवाणाच्या कडेला सरकायचं, खालचं खोकं डाव्या हाताने चाचपायचं, कानस काढायची, पेडल जवळ येईपर्यंत फिरवायचं आणि घासायचं. उजव्या हाताच्या माणसाने डाव्या हाताने, चोरून, बायको यायच्या आत. किती दुपारी घासलं असेल? आयुष्यभर दुसऱ्यांच्या यंत्रांची झीज भरून काढणारा माणूस. झीज खोटं बोलत नाही म्हणणारा. त्याने तिला खोटं बोलायला लावलं, माझ्या पोळ्या नीट व्हाव्यात म्हणून.

आणि जिन्यावर? जिन्यावर त्यांना माहीत होतं. तो पाय काय आहे हे त्या घरात एकट्या त्यांनाच माहीत होतं, आणि मी आनंदात होते म्हणून ते उतरले. ते माझ्याकडे का बघत राहिले होते, ते मला आत्ता कळलं. कळून काय करायचं ते कळत नाही.

"आई, काढू का फोटो?" निलेशने आतून विचारलं.

"नको रे," मी म्हटलं. "कोणी घ्यायचं नाही. फार झिजलीय."

खंडेनवमीला मी खोकं काढलं. यंदा यांनी अडवलं नाही, पलंगाला कठडा आहे आणि पाय आता दोन्ही सारखेच झालेत. कानस हातात घेतली तर तिच्या दातांत काळं प्लॅस्टिक गच्च बसलेलं. हे कानस कधी अशी ठेवायचे नाहीत. काम झालं की तारेच्या ब्रशने दात साफ करून, फडक्यात गुंडाळून मगच आत. पण त्याला दोन हात लागतात. एकाने धरायची, एकाने घासायची.

मी मोरीत बसून ती साफ केली. ब्रश दातांच्या दिशेने फिरवायचा असतो, हेही त्यांनीच कधीतरी सांगितलेलं. काळे कण पाण्याबरोबर वाहून गेले. पुसली, शिलाई मशीनच्या तेलाचं बोट फिरवलं आणि पाटावर बाकीच्या हत्यारांत ठेवली. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं एकेक फूल. सायकललाही एक ठेवून आले, डाव्या पेडलवर.

मग तो पाट उचलून यांच्यापाशी नेला. दर वर्षी पूजा झाली की हे एकेक हत्यार हातात घेऊन कपाळाला लावतात. मी एकेक त्यांच्या डाव्या हातात देत गेले. पक्कड दिली, त्यांनी लावली. हातोडी जड झाली, मी खालून आधार दिला. मग कानस दिली.

ती कपाळाकडे नेता नेता त्यांचा अंगठा दातांवरून फिरला. थांबला. परत फिरला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, हळूहळू. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघून पाटावरची फुलं सारखी केली.

त्यांनी कानस अंथरुणावर ठेवली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. मी पुढचा पाना त्यांच्या हातात दिला.